भवानी पेठेतला जोडी-प्रयोग

विणकरांच्या पोरांना मराठी शिकवणं हा माझ्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी हेडमास्तर अण्णारावांना छाती ठोकून सांगितलं. कायम व्हायचं असलं की माणूस असलं काहीतरी बोलतोच. मी माळशिरसचा, बी.एड. ताजं, हायस्कुलात तात्पुरता. आठवीतली निम्मी पोरं घरी तेलुगू बोलणारी आणि वर्गात देवळातल्या नंदीसारखी गप्प.

माझी योजना बिनतोड होती. प्रत्येक तेलुगू पोराशेजारी तेलुगू न येणारं एक पोर बसवायचं. संध्याकाळी जोडीनं अभ्यास. दिवाळीपर्यंत सगळे घडाघडा मराठी बोलणार, इन्स्पेक्टर खूश, मी कायम!

अभ्यास कुणाच्या घरी, एवढंच सांगायचं राहिलं. विणकरांच्या घरी चिंचेचा भात मिळतो ही बातमी फुटली आणि झाडून सगळ्या जोड्या तिकडं वळल्या. भात खायचा, मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरायच्या, गप्पा अर्थातच तेलुगूत.

लवकरच पेठेतले व्यापारी गुरुबसप्पा शाळेत हजर.

"मास्तर, घरात आमी कन्नड बोलतो. मराठी शिकावं म्हणून पोरगं तुमच्याकडं धाडलं. काल त्यानं आईकडं तेलुगूत पाणी मागितलं. तिला वाटलं ताप डोक्यात गेला. कपाळावर घड्या ठेवत बसली की हो!"

ही मधली अवस्था असते, पुस्तकात तसं लिहिलंय, असं मी सांगितलं. कुठल्याच पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

मग इन्स्पेक्टर आले. पाऊस कसा पडतो, असं त्यांनी विचारलं. अख्ख्या वर्गानं एका सुरात तेलुगूत उत्तर दिलं. सगळ्यात मोठा आवाज गुरुबसप्पांच्या पोराचा. अण्णारावांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू पाऊस मीच पाडला.

पण साहेबांची निम्मी नोकरी नांदेडकडं, तेलुगू मुलखाच्या सीमेवर झालेली. तेही तेलुगूत सुरू झाले! वर्ग हसत होता. मीही हसत होतो, जरा उशिरानं.

शेवटी साहेबांनी पहिल्या बाकावरच्या मल्लेशमला विचारलं, "मराठी येतं का रे?"

"येतंय की साहेब. आमी जन्मलोच हितं."

"मग वर्गात गप्प का?"

"येतंय म्हटलं की सर फळ्याजवळ बोलावत्यात."

साहेबांनी शेरा दिला: वर्ग दोन्ही भाषांत उत्तम, शिक्षक एकाच. तेलुगू येईपर्यंत कायम करू नये.

तेव्हापासून माझी जोडी मल्लेशमशी. रोज संध्याकाळी त्याच्या घरी अभ्यास, भात आणि कांड्या. काल माझ्या कांड्या बघून त्याचे वडील नरसय्या काहीतरी बोलले. सगळं घर हसलं. सवयीनं मीही हसलो.

"काय म्हणाले रे?"

"बाबा म्हणत्यात, मास्तर कांड्या लई बऱ्या भरत्यात. ह्यास्नी आपणच कायम करू."