सासरेबुवांची सोनेरी चौकट

सासऱ्यांचं भलं करावं तर आपल्यासारख्या जावयानंच, असं फ्रेमवाले त्या संध्याकाळी छाती फुगवून बायकोला म्हणाले आणि तिथूनच सगळं बिनसलं.

फ्रेमवाले म्हणजे फोटो चौकटीत बसवून देणारे. त्यांचं दुकान चढावाच्या रस्त्यावर, चष्म्याचं दुकान आणि चपलांचं दुकान यांच्या बेचक्यात. इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत शिरलं की मालकाला बाहेर यावं लागे. पण धंद्यातलं एक तत्त्व त्यांनी पक्कं धरलं होतं. रिकामी फ्रेम कुणी विकत घेत नाही. तिच्यात चेहरा लागतो, आणि तोही असा की समोरच्याची भाव करायची हिंमतच होऊ नये. असा चेहरा त्यांच्या ओळखीत एकच होता, तो सासरेबुवांचा.

सासरेबुवा वजनमापं तपासणारे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानादुकानांतले तराजू तपासत हिंडले, पण कुणाच्या घोटभर चहाचे मिंधे झाले नाहीत. मिशी भरघोस, भुवया त्याहून भरघोस. कुणाकडे बघायला लागले की हा माणूस नेमका किती कमी भरतोय ते जोखताहेत असं वाटायचं. फ्रेमवाले तर फारच कमी भरत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, तरी "आलात? बसा" यापुढे सासऱ्यांनी जावयाशी बोलणं म्हणून वाढवलं नव्हतं. आणि "बसा" म्हणताना खुर्चीवर स्वतःचं वर्तमानपत्र पसरलेलं असायचं.

तर या सासरेबुवांनी निवृत्तीच्या दिवशीचा फोटो जावयाकडे चौकटीत बसवायला दिला होता. फ्रेमवाल्यांनी तो नीट बसवून दिला आणि त्याचीच एक मोठी प्रत काढून दुकानाच्या काचेमागे, सगळ्यात भारी सोनेरी फ्रेममध्ये लावली. सासऱ्यांना विचारलं नाही. विचारणार कधी? "बसा" आणि चहा यांच्या मधे सवड कुठे मिळायची!

एक दिवस दुकानात सेट उभारणारा माणूस आला. एका हिंदी मालिकेतल्या बंगल्याच्या दिवाणखान्यासाठी त्याला फ्रेम हवी होती. मालिका तुम्हीही बघितली असेल. धान्याच्या व्यापारात गडगंज झालेलं घराणं, झोपतानाही दागिने न उतरवणाऱ्या सुना, कुणाचं कुणाशी धड पटत नाही, कुणी कधी कामाला जाताना दिसत नाही, तरी श्रीमंती आपली वाढतेच आहे. त्या घराण्याचे संस्थापक, दिवंगत बडे बाबूजी, यांचा फोटो जिन्यावर लावायचा होता. सेटवाला काचेसमोर थांबला तो हललाच नाही.

"हे वारले का हो?" त्यानं विचारलं.

"अजून तरी नाहीत," फ्रेमवाले म्हणाले.

"मग आमच्याकडे वारले तर चालतील?"

आता अशा वेळी शहाणा माणूस काय म्हणेल? घरी विचारून सांगतो म्हणेल. फ्रेमवाले म्हणाले, "चालतील की! एवढ्या मोठ्या घरात वारायचं भाग्य कुणाला मिळतं?" आणि फोटोसकट फ्रेम त्यांनी स्वतः कागदात बांधून दिली आणि संध्याकाळी घरी जाऊन बायकोपुढे छाती फुगवली.

पहिला भाग लागला तेव्हा फ्रेमवाले बायकोला घेऊन सासुरवाडीलाच जाऊन बसले. पडद्यावर संगमरवरी जिना, जिन्यावर सोनेरी फ्रेम, फ्रेममध्ये सासरेबुवा, आणि पुढे फुलांचा ढीग. रेशमी कपड्यांतली एक बाई फोटोकडे बघून घळाघळा रडत होती. सासरेबुवांनी खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचललं आणि जावयाला म्हणाले, "नीट टेकून बसा." फ्रेमवाल्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सासूबाईंनी मात्र एवढंच विचारलं की मी धडधाकट इथे बसलेली असताना ही विधवा कोण.

पुढचे काही आठवडे फ्रेमवाल्यांच्या आयुष्यातले सोन्याचे म्हणायचे. सासरेबुवा रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून टीव्हीसमोर बसायला लागले, कारण म्हणे इतके लोक बघत असतात. एक जुने सहकारी फुलं घेऊन सांत्वनाला आले. दार सासरेबुवांनीच उघडलं. तरी ते गृहस्थ आत येऊन पंधरा मिनिटं गंभीर चेहऱ्यानं बसले आणि जाताना सासरेबुवांनाच धीर सोडू नका म्हणून सांगून गेले. हळूहळू सासरेबुवा स्वतःही त्या घरात गुंतत गेले. धाकट्या मुलाच्या हाती कोठारांच्या किल्ल्या द्यायला नको होत्या, थोरली सून नाकासमोर चालणारी आहे, असं ते जावयापाशी मन मोकळं करायला लागले. जावयाचा सल्लाही घ्यायला लागले. बायको तर नवऱ्याकडे अशी कौतुकानं बघायची की फ्रेमवाल्यांना आपणच तो बंगला बांधल्यासारखं वाटायला लागलं.

मग मालिकेचे प्रेक्षक घटले. प्रेक्षक घटले की मालिकेत भूतकाळ उकरतात, हे फ्रेमवाल्यांना कुठून ठाऊक असणार?

त्या दिवशी काळा चष्मा लावलेली एक परकी बाई एका तरण्याताठ्या मुलाला घेऊन बंगल्यात शिरली. फोटोकडे बोट करून म्हणाली, "यही है मेरे बेटे का बाप!" कडकड वीज चमकली. कॅमेरा एकदा सासरेबुवांच्या मिशीवर गेला, एकदा भुवयांवर, आणि मग पुन्हा मिशीवर. इकडे सासूबाईंनी शांतपणे रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी औषधांच्या दुकानातला माणूस सासरेबुवांकडे बघून मिश्कील हसला. सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी रस्ता बदलला. फ्रेमवाले घाबरून समजूत काढायला धावले, तर खरं सांगायचं म्हणजे सासरेबुवा तितकेसे खचलेले नव्हते. आरशासमोर मिशीला कंगवा फिरवत होते. पुढच्या आठवड्यात बडे बाबूजींनी सख्ख्या भावाला कड्यावरून ढकलल्याचं बाहेर आलं. तेही त्यांनी पचवलं. माणूस मोठा झाला की लोक काहीही बोलतात, म्हणाले.

पण त्यानंतरच्या भागात घात झाला. बडे बाबूजींची सगळी दौलत कशी जमली? तर खोट्या वजनांवर! धान्याच्या कोठारातून पोकळ केलेली वजनं निघाली, ती एकेक करून फोटोसमोर मांडली गेली आणि घरातल्या सगळ्यांनी फोटोकडे पाठ फिरवली.

सासरेबुवा उठून उभे राहिले. "बाई ठेवली म्हणालात, मी गप्प बसलो," ते जावयाला म्हणाले. "भाऊ ढकलला म्हणालात, तेही ऐकून घेतलं. पण मी वजनात मारलं? मी?" आणि आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी उठले नाहीत, जेवले नाहीत, दार उघडलं नाही. ज्यांचे तराजू जन्मभर तपासले ते दुकानदार आता आपल्याला हसत असतील, एवढंच पुटपुटत राहिले.

फ्रेमवाल्यांच्या बायकोनं बॅग भरली. फ्रेमवाले मालिका, कथा, कल्पना असं काहीबाही म्हणत तिच्यामागे घरभर फिरले. ती दारात थांबली. "अहो, तुम्ही माझ्या बाबांना न विचारता मारलंत, ते मी चालवून घेतलं. पण त्यांना चोर ठरवलंत. ज्या टीव्हीवर त्यांचं नाव खराब झालं त्याच टीव्हीवर ते साफ होईपर्यंत मी काही परत येत नाही." आणि गेली.

माणसाला बायकोची किंमत कधी कळते ते सगळे सांगतात. फ्रेमवाल्यांना ती पहिल्याच सकाळी कळली, साखर कुठल्या डब्यात असते ते सापडेना तेव्हा. तीन डबे उघडून झाल्यावर ते बिनसाखरेचा चहा समोर घेऊन बसले आणि चक्क रडले. मग तोंड धुतलं, दुकानाला कुलूप लावलं आणि तडक शूटिंगच्या जागी गेले.

बंगला आतून बघून त्यांना धक्काच बसला. तीनच भिंती! जिना वर जाऊन कुठेच पोचत नव्हता, मागे शिडी लावलेली होती. संगमरवर म्हणजे चिकटवलेला कागद, आणि तोही कडेला सुटलेला. चांगल्या कारागिराला अशा कडा बघवत नाहीत. बोलणं सुरू व्हायच्या आत फ्रेमवाल्यांनी खाली बसून दोन ठिकाणी कागद दाबून बसवला. लेखक जिन्याच्या पायरीवरच होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, पुढच्याच तासाला लागणारा प्रसंग फोनवर लिहीत होता.

फ्रेमवाल्यांनी हात जोडून सगळी कहाणी सांगितली. आधी म्हणाले, फोटो बदला. लेखक म्हणाला की शक्य नाही, लोक त्या मिशीवर खिळलेत. मग म्हणाले, निदान पापं तरी मागे घ्या.

"पापं मागे घेता येत नाहीत," लेखक जांभई देत म्हणाला. "फक्त दुसऱ्याच्या नावावर करता येतात. कुणाच्या करू? घरातलाच पाहिजे, एके काळी किल्ल्या ज्याच्या हातात होत्या असा. शिवाय दिसायला गरीब."

मग तो बोलता बोलता थांबला आणि फ्रेमवाल्यांकडे बघायला लागला. सेटवालाही बघायला लागला. दिवे लावणाऱ्या माणसानं तर न सांगता एक दिवा त्यांच्याकडे वळवला.

"घरजावई," लेखक पुटपुटला. "बडे बाबूजींच्या नावाखाली सगळं यानंच केलं. वाऽ! नाही तरी जावयाबद्दल काहीही वाईट सांगितलं की कुणाचाही लगेच विश्वास बसतो."

फ्रेमवाल्यांना घाम फुटला. पण डोळ्यांसमोर भिंतीकडे तोंड करून झोपलेले सासरेबुवा आले, रिकामं स्वयंपाकघर आलं, बिनसाखरेचा चहा आला. "काढा फोटो," ते म्हणाले. सेटवाल्यानं त्यांचे केस तेल लावून चापून बसवले, पुठ्ठ्याच्या खांबाला टेकवून उभं केलं आणि साधंसं हसायला सांगितलं. ते जितकं साधं हसायला गेले तितके लबाड दिसायला लागले. फोटोग्राफर म्हणाला की असा चेहरा कमवायला नटांना वर्षं लागतात. फ्रेम मात्र फ्रेमवाल्यांनी स्वतः तिथेच बसून केली. लेखकाला बारीक काळी पट्टी हवी होती, दुष्टांना तीच शोभते म्हणे. पण चारही कोपरे असे सफाईनं जुळवले की वाटलं, बदनामी होणारच आहे तर निदान काटकोनात होऊ दे.

तो भाग लागला तेव्हा फ्रेमवाले घरात एकटेच होते. थोरल्या सुनेनं कोठारातून ती काळी फ्रेम शोधून आणली आणि सगळ्यांसमोर उघड केलं की खोटी वजनं याची, भाऊ यानं ढकलला, आणि ती परकी बाईसुद्धा याचीच! "बडे बाबूजी निर्दोष थे!" विधवा ओरडली आणि तिनं फ्रेमवाल्यांच्या तोंडावर सँडल मारली. काच फुटली. फ्रेमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पाठोपाठ सोनेरी फ्रेम पुसली गेली, फुलं वाहिली गेली, सगळं घराणं सासरेबुवांपुढे नतमस्तक झालं. इतकं हलकं त्यांना लग्नाच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

सकाळी दार वाजलं. बायको! फ्रेमवाले आनंदानं पुढे झाले. तिच्यामागे सासरेबुवा, सदरा इस्त्रीचा, मिशी विंचरलेली, हातात दोन बॅगा. ते आत आले, घरातली बरी खुर्ची बघून तिच्यावर बसले आणि जावयाला पायापासून डोक्यापर्यंत जोखत राहिले.

"मला लग्नाची बोलणी झाली तेव्हापासूनच शंका होती," ते म्हणाले. "वजनात मारणारा माणूस नजरेवरून कळतो. आता मी इथेच राहणार आहे. कपाटाच्या किल्ल्या द्या."

फ्रेमवाल्यांनी परोपरीनं सांगून बघितलं, की तो फोटो त्यांच्याच अब्रूसाठी काढला, तो बंगला पुठ्ठ्याचा आहे, त्याला चौथी भिंतसुद्धा नाही. सासरेबुवांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. किल्ल्या द्याव्या लागल्या. फ्रेमवाले पडलेल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात बायकोकडे गेले. ती आल्या आल्या चहाच्या मागे लागली होती, साखरेचा डबा तिला न बघता सापडला होता.

"बाबांचं मनावर घेऊ नका हो," ती म्हणाली. "त्यांचा स्वभावच संशयी."

फ्रेमवाल्यांचा जीव भांड्यात पडला.

तिनं साखर घातली, ढवळली, कप त्यांच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पण त्या काळ्या चष्म्यावाल्या बाईचा मुलगा हसला की अगदी तुमच्यासारखा दिसतो. मी काही बोलले नव्हते, पण पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं."