आठवं कार्ड

मर्डो गेडिस एकशे नऊ फटके मारून गोल्फ क्लबात शिरला तेव्हा त्याच्या कानांत वाळू होती आणि चेहऱ्यावर समाधान होतं. एरवी एवढा आकडा झाला की तो बूट आपटत यायचा. पण आज वाराच असा होता, की सातव्या होलवर त्याने समुद्राच्या दिशेने मारलेला चेंडू वर गेला, जरा थबकला आणि त्याच्याच डोक्यावरून मागे जाऊन पडला. टोपी तर पाचव्यालाच शेजारच्या शेतातल्या गाईंकडे निघून गेली होती. असल्या दिवशी माणूस वाईट खेळला तर तो दोष वाऱ्याचा. तसा मर्डोने गेली एकतीस वर्षं सगळाच दोष वाऱ्याला दिला होता. वारा पडलेला असला तर गवत ओलं असायचं, आणि गवत कोरडं असलं तर ते धड कापलेलं नसायचं.

क्रेगड्युरच्या हार्बर कप स्पर्धेत उतरायचं तर हँडिकॅप अठरा किंवा त्याखाली लागतो. खेळ जितका वाईट तितका तो आकडा मोठा, आणि मर्डोचा आकडा अठरावर कसाबसा टेकला होता. एकतीस वर्षांत त्याने एकही कप चुकवला नव्हता. जिंकलाही नव्हता, पण यादीत नाव असायचं आणि ते बघायला तो आठवडाभर रोज फलकापाशी जायचा. आजची फेरी जशीच्या तशी धरली तर तो अठराच्या पलीकडे जाणार होता. मात्र त्या दिवशीची हवा वाईट ठरली तर सगळ्यांनाच काही फटक्यांची सूट मिळते. आणि आज हवा चांगली होती असं म्हणायला माणूस आंधळा आणि बहिरा दोन्ही असावा लागला असता.

"सूट किती मिळाली?" त्याने सेक्रेटरीच्या खोलीत डोकावून विचारलं.

सेक्रेटरी ड्युगल इम्री दोन्ही हातांनी टेबलावरचे कागद दाबून बसला होता. खिडकी बंद होती, तरी कागद फडफडत होते. "सूट नाही," तो म्हणाला. "आज वारा नाहीये."

"काय नाहीये?"

"संगणकाच्या मते. तो खिडकीबाहेर बघत नाही बाबा, फटके लिहिलेली कार्डं बघतो. बहुतेकांचे फटके वाढले तरच हवा वाईट धरतो. आठ कार्डं आल्याशिवाय तोंड उघडत नाही. तुझं धरून आलीत सात."

"अरे, दुपारी आम्ही पंचवीस जण गेलो होतो."

"अठरा जणांनी आपला आकडा बघून लाजेने कार्डं फाडली. आपले लोक तुला ठाऊक आहेत."

"आणि आठवं आलं तर?"

"सातातले दोघं बरे खेळलेत, त्यामुळे गाडं काठावर आहे. आठवं कार्ड वाईट असेल तर सूट मिळेल. सहाला मी बंद करतोय."

पावणेसहा झाले होते. मर्डो चक्क पळत बारमध्ये गेला. तिथे त्याचा शाळेपासूनचा दोस्त वॉटी रिड डाळीच्या सुपात पाव बुडवत होता.

"वॉटी, तुझं कार्ड दे."

"फाडलं. नवव्यावर."

"तुकडे कुठेयत?"

"गाईंनी खाल्ले असतील."

"मग नवव्यापर्यंतचं आठव आणि इम्रीला सांग. नियमात काहीतरी बसेल."

"पासष्ट झाले होते लेका. ते नावावर लावून घेऊ? समोरच्या भिंतीवर विजेत्यांत माझ्या बापाचं नाव कोरलंय."

"माझ्यासाठी कर."

"तुझ्यासाठी किडनी देईन. कार्ड मागू नकोस." वॉटीने सुपाचा घोट घेतला. "एफीला विचार की. बायकांची टोळी आत्ताच आलीय अठराव्यावरून."

एफी? या वाऱ्यात? मर्डोला बायकोबद्दल इतकं प्रेम लग्नातही वाटलं नसेल. एफी गुरुवारी मैत्रिणींबरोबर खेळायची. कशी खेळायची हे त्याला माहीत नव्हतं, कारण इतक्या वर्षांत त्याने कधी विचारलंच नव्हतं. पण तिचं कार्ड वाईट असणार याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती बारमागच्या खोलीत बाकावर बसून बुटांतली वाळू झटकत होती.

"किती झाले ते मला सांगू नकोस," तो दिलदारपणे म्हणाला. "फक्त कार्ड इम्रीला दे."

"राहू दे ना, मर्डो."

"अगं, लाजतेस काय? कोणी हसणार नाही."

"लाजत नाहीये. नंतर तुलाच वाईट वाटेल."

"एफी, माझा कप जातोय गं." हे बोलताना त्याचा आवाज खरोखरच कापला.

एफीने त्याच्याकडे पाहिलं आणि खिशातून कार्ड काढून दिलं. मर्डोने मोठ्या मनाने त्याकडे न बघता ते नेऊन इम्रीपुढे ठेवलं.

इम्रीने चष्मा पुसून पुन्हा लावला. "अठ्ठ्याऐंशी."

"नऊ होलचे?"

"अठराचे." त्याने आकडा भरला आणि पडद्याकडे बघत राहिला. "आज हवा नेहमीसारखी होती. सूट नाही." छपरावरचं एक कौल निसटून बाहेर फरशीवर फुटलं. इम्रीने तिकडे लक्ष दिलं नाही. "तू अठराच्या वर गेलास, मर्डो. आणि एफी एकोणीसवरून आत आली. म्हणजे कपाच्या यादीत एक गेडिस आहेच."

मर्डो परत येऊन बाकावर एफीशेजारी बसला. त्याला वाईट वाटत होतं. त्याने विचारलं, "तू असल्या वाऱ्यात खेळलीस तरी कशी?"

"तू दर रविवारी जेवताना सांगतोस ना. सातव्यावर वारा चेंडू परत आणतो, अकराव्यावर डावीकडे ढकलतो, चौदाव्यावर खाली दाबतो. एकतीस वर्षं ऐकतेय." तिने बुटाची नाडी बांधली. "आज दर ठिकाणी आधी आठवलं, इथे तू काय केलं असतंस. आणि मग ते केलं नाही."

मर्डोला राग यायला हवा होता. तो येतोय का याची त्याने थोडी वाटही पाहिली. मग उठून त्याने एफीची पिशवी खांद्याला लावली आणि तिच्यामागून बारमधून बाहेर निघाला.

"काय रे, मिळाली सूट?" वॉटीने विचारलं.

"नाही. कप एफी खेळतेय." मर्डो थांबला आणि त्याने छाती पुढे काढली. "मीच शिकवलंय तिला."

"तू? काय शिकवलंस?"

"कसं खेळू नये ते," मर्डो म्हणाला. "त्यात माझ्याइतका तयारीचा माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही."