समजा, मी चोर शे

आमच्या कॉलनीत सगळ्यात जास्त चोऱ्या देवरे अण्णांनी केल्या आहेत. हे मी त्यांच्या पाठीमागे सांगत नाही, ते स्वतःच अभिमानाने सांगतात. फक्त चोरलेली वस्तू ते संध्याकाळपर्यंत मालकाला परत देतात आणि तिच्याबरोबर एक व्याख्यानही देतात.

नाशिकमधल्या पाथर्डी फाट्याजवळच्या या कॉलनीत आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात माझी स्कूटी गेली. दूध घेऊन आले, गाडी फाटकाशी लावली, पिशवी घरात ठेवून बाहेर येते तर गाडी गायब. मी रडकुंडीला आले. पोलिसांना फोन लावणार, तेवढ्यात समोरच्या निकम वहिनी गॅलरीतून म्हणाल्या, "किल्ली गाडीलाच होती ना? मग आधी अण्णांकडे बघा. कोपऱ्यावरचा पिवळा बंगला."

स्कूटी खरोखरच पिवळ्या बंगल्याच्या अंगणात होती. शेजारी खुर्ची टाकून पांढऱ्या सदऱ्यातले एक सत्तरीचे गृहस्थ शेंगा सोलत बसले होते.

"ही गाडी माझी आहे," मी म्हणाले.

"असेल. पण समजा, मी चोर शे. मग ती आत्ता कुठे असती?"

मी गाडीची किल्ली काढून घेतली.

"ओझरच्या पुढे," त्यांनीच उत्तर दिलं. "चहा घेणार?"

अण्णा मूळचे सटाण्याकडचे. तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर नाशकात बंगला बांधला. मुलगा बंगळुरूला, पत्नी काही वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे घरात एकटेच. एरवी बोलणं अगदी कचेरीतलं, पण रंगात आले की गावाकडची अहिराणी बाहेर पडते. "मी चोर शे" म्हणजे मी चोर आहे, हे वाक्य तर कॉलनीतली पोरं लपाछपी खेळतानाही म्हणतात.

त्यांचं ठाम मत होतं की शहरात चोर वाढलेले नाहीत, विसरभोळे वाढलेत. ते सिद्ध करायला ते रोज फेरी मारत. जोशी काका दार सताड उघडं टाकून क्रिकेट बघत होते. अण्णा आत गेले, त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसले, एक षटक पाहिलं आणि रिमोट खिशात घालून निघून आले. काकांना पत्ता लागला तो जाहिराती सुरू झाल्यावर. निकम वहिनींनी गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घातलेल्या कुरडया त्यांनी धोतरासकट उचलल्या होत्या. परत आल्या त्या जरा कमीच.

"थोड्या तळून पाहिल्या," अण्णा म्हणाले. "चोरानं काय नुसत्या बघत बसायचं?"

एकदा बीटवरच्या नव्या हवालदाराने त्यांना दुसऱ्याच्या कंपाउंडवर चढताना पकडलं. कॉलनी धावत गेली, तर अण्णा आनंदाने हवालदाराचे दोन्ही हात हातात घेऊन उभे. "एवढ्या वर्षांत पहिला जागा माणूस भेटला," म्हणे. पुढे त्याच्या घरी द्राक्षांची पेटी पोचली. ती घ्यावी की नाही, हे तो बिचारा वरिष्ठांना विचारून आला.

हे सगळं गमतीत चाललं होतं. मग एका संध्याकाळी निकम वहिनींची गळ्यातली सोन्याची पोत गेली.

त्या भाजी घेऊन येत होत्या. मोटारसायकलवरून दोघं आले, पत्ता विचारायचं निमित्त केलं, पोत ओढली आणि गेले. वहिनी रस्त्यावर पडल्या. पोलीस आले, जबाब झाला. कॉलनीची बैठक बसली, कॅमेरे लावायचं ठरलं. आणि मग समाचाराला येणारे सुरू झाले. सोनं घालून भाजीला कशाला जायचं? पदर पुढून घ्यायचा ना. अनोळखी माणसाशी थांबून बोलायचंच कशाला? निकम साहेब तर येईल त्याला सांगत, "मी हिला हजारदा बजावलं होतं."

वहिनी ऐकून घेत. त्यांनी बाहेर पडणं सोडलं. भाजी मोबाइलवरून यायला लागली. गॅलरीचं दारही बंद झालं.

अण्णा आले तेव्हा मी तिथेच होते. आता मोठं व्याख्यान होणार म्हणून मी आधीच कासावीस झाले. अण्णा बसले, वहिनींकडे बघितलं आणि म्हणाले, "मानेला लागलंय का हो?"

इतक्या माणसांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. वहिनींनी पदर जरा बाजूला केला. मानेवर लालभडक वळ होता.

"अण्णा, आता तुम्हीच सांगा हिला," निकम साहेब म्हणाले, "किती वेळा मी..."

"साहेब, चोरी चोरानं केली," अण्णा शांतपणे म्हणाले. "वहिनींनी नाही केली."

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, "आज तुमचं व्याख्यान नाही झालं."

ते चालता चालता म्हणाले, "आमच्या हिचीही गेली होती, सटाण्याला. पोत पोलिसांनी आणून दिली. ही मात्र पुन्हा कधी एकटी बाहेर पडली नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते कापडी पिशवी घेऊन निकमांच्या दारात उभे. "वहिनी, मला मेथी निवडून घेता येत नाही. भाजीवाली रोज पिवळी जुडी गळ्यात मारते. जरा चला माझ्याबरोबर." वहिनी नको नको म्हणत होत्या. अण्णा हलेनात. शेवटी त्या चपला घालून निघाल्या, दोन्ही हातांनी पदर घट्ट धरून. अण्णा रस्त्याच्या बाजूने चालत होते आणि मागून गाडीचा आवाज आला की बोलता बोलता जरा आणखी बाहेर सरकत होते.

मग ते रोजचंच झालं. मेथी, शेपू, वांगी. हळूहळू पदरावरचे हात सुटले. जाताना गप्प असणाऱ्या वहिनी येताना हसायला लागल्या. या दिवसांत अण्णांनी कुणाची साधी चप्पलही पळवली नाही.

मागच्या आठवड्यात वहिनी अण्णांच्या फाटकाशी थांबल्या. मी तिथेच अंगणात बसले होते. "अण्णा, आज मी एकटीच जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"जा की," अण्णा म्हणाले. "मलाही बरीच कामं आहेत."

कामं काहीच नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन ते रस्त्याकडे बघत बसले. मी काहीबाही बोलत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. वहिनी वळणावर दिसल्या तेव्हा त्यांनी घाईने पेपर तोंडासमोर धरला.

वहिनी फाटक उघडून आत आल्या, मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "उद्या मात्र तुम्ही चला. एकटीला फार कंटाळा येतो."

"बघू," अण्णा पेपरमागून म्हणाले. मग पेपर खाली घेतला. "किती वाजता?"