चढावरची गाडी आणि कंट्रोलरसाहेबांचे दोन हात

"आपली गाडी वेळेवर सुटणार म्हणजे सुटणार! मग आभाळ कोसळलं तरी बेहत्तर!" कंट्रोलरसाहेब फोनवर गरजले आणि स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोच्या हातातलं झाकण खाली पडलं.

बसडेपोत उभा जन्म गाड्या सोडण्यात गेल्यामुळे साहेबांना हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. पण माणूस लाखमोलाचा! निवृत्त झाल्यावर आरामखुर्चीत लोळायचं सोडून त्यांनी गावात फुकट गाडीसेवा काढली. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी जमेल तेव्हा ती चालवायची आणि ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात न्यायचं-आणायचं. जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून साहेब गाड्या सोडत. बेकरीवाला, दातांचा डॉक्टर, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, सगळे त्यांना वचकून असत. वेळ चुकली म्हणून कोणाची तपासणी हुकली, असं एकदाही झालं नव्हतं.

त्या दिवशी शिंपीणआजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. शहरातला मोठा सर्जन गावात कधीमधी यायचा आणि आजींचा नंबर मोठ्या मुश्किलीने लागला होता. आयुष्यभर गावाचे कपडे शिवलेल्या बाईला आता सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागे. तिला त्याची फार लाज वाटायची.

आणि तिला नेणारा बेकरीवाला नेमका कंबर धरून बसला! दातांचा डॉक्टर गावाला गेलेला, निवृत्त बाईंची गाडी दुरुस्तीला.

"आता हो?" बायकोने विचारलं.

"आता काय! मी स्वतः जातो!"

बायकोचा चेहरा उतरला. साहेबांनी जन्मभर हजारो गाड्या सोडल्या होत्या, चालवली मात्र क्वचितच. लायसन होतं, पण ते कपाटात कपड्यांच्या घडीखाली सुखाने झोपलेलं!

शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या मॅडमनी आपली शिकवायची गाडी देऊ केली. "साहेब, एक गोष्ट लक्षात ठेवा..." त्या सांगू लागल्या, पण साहेब किल्ली घेऊन कधीच पसार!

आजी पुढच्या सीटवर बसल्या. मांडीवरची शाल पार पावलांपर्यंत. गाडी निघाली. कोपऱ्यावर एक कुत्रं आडवं आलं आणि गाडी जागच्या जागी थिजली! साहेबांचं नाक स्टिअरिंगवर टेकलं.

"अरे, जरा बेताने!" आजी म्हणाल्या.

"मी काही केलंच नाही, आजी! गाडीच अडली!"

गाडी पुन्हा निघाली. समोरून सायकलवाला आला. ठप्प! भाजीची हातगाडी दिसली. ठप्प! रुसलेल्या जावयासारखी गाडी पावलापावलाला अडत होती. मागच्या रिक्षावाल्याने साहेबांचा असा उद्धार केला की आजींनी कानावर हात ठेवले. साहेबांना घाम फुटला. एकीकडे घड्याळ पळत होतं, दुसरीकडे गाडी पळत नव्हती!

दवाखाना चढावर. अर्ध्या चढावर समोरून ट्रक उतरताना दिसला आणि गाडी शेवटचा आचका देऊन बंदच पडली.

"बसा, आजी. ढकलतो!" साहेबांनी गाडी न्यूट्रलला टाकली आणि खाली उतरून मागे गेले. हँडब्रेक मात्र त्यांच्या गावीही नव्हता! गाडी मागे सरकू लागली.

"अरे, बाजूला हो! उडी मार!" आजी आतून ओरडल्या.

"तुम्ही बसा, आजी! मी आहे ना!" साहेबांनी पाय रोवले, दोन्ही हात गाडीला लावले, डोळे गच्च मिटले...

आणि गाडी थांबली!

साहेबांनी एक डोळा उघडला. गाडी खरोखरच थांबली होती. त्यांच्या दोन हातांवर!

साहेबांनी पटकन आत बसून किल्ली फिरवली आणि त्यानंतर गाडी मुकाट चालली. एकदाही अडली नाही. "कळलं तिला, कोणाशी गाठ आहे ते!" साहेब म्हणाले. आजींनी शालीखालचे पाय जवळ ओढून घेतले. शेवटच्या क्षणी का होईना, आजी वेळेत पोचल्या.

ऑपरेशन चालू असताना साहेबांनी हा पराक्रम नर्सला सांगितला. मग वॉचमनला. मग औषधाच्या दुकानदाराला. दर वेळी चढ वाढत गेला. चौथ्या वेळी गाडीत आजींशिवाय आणखी दोन माणसं होती!

गाडी न्यायला ड्रायव्हिंगवाल्या मॅडम आल्या, तेव्हा साहेब बाह्या सरसावून उभेच होते. "एकट्याने! या दोन हातांनी!"

इतक्यात डोळ्याला पट्टी बांधलेल्या आजी नर्सचा हात धरून बाहेर आल्या. "मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमच्या गाडीत माझ्या पायाशी शिलाई मशीनच्या पॅडलसारखं काय आहे हो? आधी पाय ठेवायची सोय वाटली. भीती वाटली की दाबत होते. गाडी मागे घसरली तेव्हा जीव खाऊन दाबलं आणि उमगलं!"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "ब्रेक तो, आजी! शिकवणाऱ्यासाठी असतो. साहेब, तेच तर सांगत होते मी!"

साहेबांनी सावकाश बाह्या खाली केल्या. वॉचमन तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

"हसू नका रे!" आजींचा आवाज चढला. "ब्रेक माझ्या पायाखाली आहे, हे याला काय ठाऊक होतं? उडी मार म्हटलं, तरी हा हलला नाही. म्हातारीसाठी अख्खी गाडी अंगावर घ्यायला उभा राहिला! कोण राहतं असं?"

साहेबांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला.

"पट्टी काढायला परत यायचंय," आजी म्हणाल्या. "तूच आण मला."

"आणतो ना!" साहेबांची छाती पुन्हा फुगली. "बेकरीवाल्याची ऐसपैस गाडी आणतो!"

"छे, छे! गाडी हीच आण," आजी म्हणाल्या, "आणि मला पुढेच बसव!"