उडत्या रुईचा मालक

मंगळवार, १० जानेवारी १९६१. सकाळी साडेनऊ वाजता दिग्रसच्या एका जिनिंगचे, कापसातून सरकी काढणारे रेचे सुरू झाले आणि शेजारच्या जैबुनबींना खोकल्याची उबळ आली. दोन्ही गोष्टी रोजच्याच. त्या दिवशी त्यांची सरकारी नोंद झाली, एवढेच.

त्या नोंदीवरून, रुई बाहेर उडू नये म्हणून जिनिंगच्या खिडक्यांना जाळ्या बसवाव्यात, असा हुकूम निघाला. मालक नानाजी शेठ कोर्टात गेले. भिंत माझी, खिडकी माझी, तिच्यातून उडणारी रुईही माझी. माझ्या मालमत्तेला अडवणारे सरकार कोण, असा त्यांचा सवाल होता. कोर्टाच्या चौथ्या तारखेला हुकमाला स्थगिती मिळाली. निकाल लागेपर्यंत रुई नानाजींचीच समजावी, मग ती कुठेही असो, असेही कोर्टाने म्हटले.

दुसऱ्याच दिवशी कोर्टाचे बेलीफ बाबाराव जैबुनबींच्या दारात उभे राहिले. डॉक्टरांनी हवा बदलायला सांगितल्यामुळे जैबुनबी बाभुळगावला, मुलीकडे निघाल्या होत्या.

"जैबुनबी, शेटची रुई हाय तुमच्या घरात. वापस करा."

"न्या नं भाऊ! भाकरीवरची न्या, पांघरुणावरची न्या. रोज सुपाभर उकिरड्यावर जाते."

"उकिरड्यावर? म्हणजे दुसऱ्याच्या मालाची विल्हेवाट लावल्याचं तुम्हाले कबूल हाय."

जैबुनबींना हसू आले, हसण्यातून खोकला आला. बाबाराव लिहायचे थांबले.

"हे काय?"

"छातीत बसली तुमच्या शेटची रुई. तेवढी तं आधी काढा. दम घेऊ देत नाही मले."

बाबारावांनी पंचनाम्यात लिहिले: 'काही माल अंगात दडवलेला आढळला.'

हा माल काढता येत नाही, असा दाखला सरकारी डॉक्टरांनी दिला. त्यावर नानाजींच्या वकिलांनी, वादातला माल गावाबाहेर जाऊ नये, असा अर्ज केला. तो मंजूर झाला. जैबुनबींना बाभुळगावच्या गाडीतून गाठोड्यासकट उतरवण्यात आले. घरी परतताना त्यांनी तीनदा रस्त्यात बसून दम खाल्ला. प्रत्येक वेळी बाबारावांनी माल शाबूत असल्याची खात्री केली.

जैबुनबींना बाभुळगावला जाऊ द्यावे की नाही, यावर १७ एप्रिलला सुनावणी आहे. दरम्यान, या हंगामात दिग्रसच्या स्टँडवर उतरलेल्या प्रत्येकाने आपल्या छातीतला माल जाहीर करावा, अशी नोटीस लागली आहे. वाचकांपैकी कोणी उतरले असल्यास मुदत सोमवारपर्यंत आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत एकशे बारा जणांनी अर्ज भरले. दिग्रसमध्ये आपण श्वास घेतलाच नाही, असे एकशे बाराही जणांनी सहीनिशी लिहून दिले आहे.