शेपटीकडून वाचणारे बिराजदार सर

आमचे शेजारी बिराजदार सर लग्नपत्रिका खालून वर वाचतात. आधी 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं', मग स्थळ, मग मुहूर्त आणि सगळ्यात शेवटी गणपती. माझ्या मुलीची पत्रिका घरातल्या अकरा जणांनी वरून वाचून पास केली होती. सर म्हणाले, "तारीख शनिवारची, वार शुक्रवार. अर्धं वऱ्हाड जेवून जाईल अन् अर्धं दुसऱ्या दिवशी येईल की हो."

ही खोड त्यांना एका किड्यानं लावली, असं मी म्हणतो.

"किडा न्हाई, परजीवी हाय. ट्रिपॅनोसोमा," सर दुरुस्त करतात.

नांदेडच्या कॉलेजात सरांनी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण जीव अडकला तो जनावरांच्या रक्तातल्या या एका पेशीच्या जिवात. त्याच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, जनुकावरून उतरलेला निरोप अर्धवट असतो. मग गाइड आरएनए नावाचे चिमुकले तुकडे त्याला येऊन चिकटतात आणि 'यू' हे अक्षर कुठं घालायचं, कुठून काढायचं ते दाखवतात. सुरुवात निरोपाच्या शेपटीकडून. एकाचं काम झालं, की पुढच्याला बसायला जागा होते. "अन् काम झालं की हे बाजूला. निरोपात त्यांचं नाव न्हाई," हे सांगताना सर असे खुलतात, जणू तो परजीवी त्यांच्या गावचा, जळकोटचाच आहे.

सरांच्या पत्नी, आमच्या बाई, गेल्यापासून घरात ऐकायला कुणी नाही. मी चहाच्या आशेनं दर वेळी नव्यानं ऐकतो.

परवा चाकूरची महानंदा आली. शेतकऱ्याची लेक, सरांची जुनी विद्यार्थिनी. याच विषयावरचा तिचा प्रबंध दुसऱ्या दिवशी विद्यापीठात द्यायचा होता. सरांचा स्वतःचा प्रबंध बाईंच्या आजारपणात अर्धवटच राहिला होता.

"सर, तुम्ही बघितल्याबिगर देणार न्हाई मी."

सरांनी लाल पेन घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. संदर्भ, निष्कर्ष, आकृत्या असं करत दुपार गेली. चौदा चुका निघाल्या. संध्याकाळी सर पहिल्या पानाशी पोचले. ते आभाराचं होतं आणि तेवढं एकच मराठीत होतं: 'बिराजदार सरांनी माझ्या चुका दाखवल्या, पण मला कधी लहान केलं नाही. हा प्रबंध त्यांचाही आहे.'

सरांनी पेन उचललं. "हे काढ. काम करून बाजूला होणाऱ्याचं नाव निरोपात नसतंय."

"परजीवीत नसंल, सर. आमच्या चाकुरात असतंय."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग ते पान त्यांनी वरून खाली, सरळ वाचलं. मी त्यांना तसं वाचताना प्रथमच पाहत होतो, आणि खरं सांगतो, माझीच छाती फुगली.

वाचून झाल्यावर त्यांनी पान माझ्याकडे सरकवलं.

"वाचा की," म्हणाले, "मोठ्यानं."