नरभक्षकाने ओढून नेलेली बाई

"बठ्ठा जग सोडीसन हाऊच सिनेमा सापडना याले," वांगी भाजता भाजता द्रौपदाबाई पुटपुटल्या. शेजारी कळण्याच्या पुऱ्या लाटणाऱ्या सुनेने, मेघाने, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सिनेमा सापडला होता नवलला, म्हणजे मेघाच्या नवऱ्याला. सातपुड्याच्या पायथ्याशी पंचेचाळीस वर्षांपूर्वी काढलेला नरभक्षकाच्या शिकारीचा रंगीत सिनेमा, आणि त्यात नवलचे वडील, आधारनाना! आज नवलच्या मुलीचे, सपनाचे, होणारे सासरे, रुपचंदभाऊ, पहूरहून जेवायला यायचे होते. "व्याह्यांना कळू दे, आपण कोण ते," म्हणत नवलने मोठा टीव्ही भिंतीवर चढवला.

नानांची ती गोष्ट पारोळ्यापर्यंत पोहोचलेली होती. नरभक्षक दहा पावलांवर, शिकाऱ्याची बंदूक अडकलेली, आणि नाना भाला घेऊन पुढे. दर दिवाळीला वाघ हातभर वाढायचा. गेल्या वर्षी त्याचं शेपूट नानांच्या हिशेबाने बैलगाडीत मावत नव्हतं.

खरं काय ते फक्त द्रौपदाबाईंना माहीत होतं. सिनेमात, खोटंखोटं का होईना, वाघाच्या तोंडी जायला त्या भागातली एकही बाई तयार होईना. सडपातळ आधारला बघून सिनेमावाल्यांचे डोळे चमकले. नव्या नवरीने, म्हणजे द्रौपदाबाईंनी, आपलंच हिरवं लुगडं नेसवून त्याला चालायला शिकवलं होतं. मिशी मात्र काढावी लागली. बाप जिवंत असताना मिशी गेलेली बघून गावातले लोक तोंडं पाडून दारात बसायला आले, आणि त्यांना पाणी द्यायला आधारचे वडीलच बाहेर आले. "नायटा झाला होता," एवढंच नाना तेव्हा म्हणाले. भाला नंतर आला.

आता व्याह्यासमोर म्हाताऱ्याचं हसं होणार, हीच द्रौपदाबाईंना धास्ती होती.

सिनेमा सुरू झाला. वाघ चांगला गुटगुटीत होता, गळ्यावर पट्ट्याचा वळ घेऊन जांभया देत होता. ओढा दिसू लागताच द्रौपदाबाई उठल्या. "पानं वाढू का?"

"शिकार होऊ द्या, अक्का," रुपचंदभाऊ म्हणाले.

द्रौपदाबाईंनी जाता जाता पाय अडखळल्यासारखं करून इंटरनेटच्या डबीची वायर उपटली. सिनेमा चालूच. नवलने तो स्वतः न बघताच आधी पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला होता. पोरगं एरवी एक काम वेळेवर करेल तर शपथ.

आणि ओढ्यावर हिरव्या लुगड्यातली बाई आली. डोक्यावर हंडा, चाल मात्र नांगरामागची. वाघ आळसावून पुढे आला, बाई किंचाळली, घसरली, आणि तिचा चेहरा अख्ख्या भिंतीवर पसरला. मधोमध ते नाक. तेच नाक त्या खोलीत आणखी तीन जणांच्या तोंडावर होतं, नानांच्या, नवलच्या आणि सपनाच्या.

वाघाने बाईला झुडपात ओढून नेलं.

नवल खाकरला. "तेव्हा ओढ्याला पाणी बरं असायचं."

"हंडा पितळी होता ना, आजी?" सपनाने नाकावर ओढणी ओढत विचारलं.

मेघा पुऱ्या बघायला गेली. पुऱ्या तळून केव्हाच झाल्या होत्या.

"बाई कोण ही?" रुपचंदभाऊंनी विचारलं.

"कोन जाने," द्रौपदाबाई घाईने म्हणाल्या. "मरी बी गयी व्हई आते."

नानांनी बायकोकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

"पुन्हा लावा हो तेवढं," रुपचंदभाऊ सरसावून बसले. नवलने लावलं. बाई पुन्हा पडली. "काय पडली! हाडाची कलाकार. मला विचाराल तर ही आमच्या पहूरची. आमच्याकडच्या बायका अशाच धीट."

"पहूरचीच," नवल लगेच म्हणाला.

"पहूरचीच दिसते," मेघा आतून म्हणाली.

द्रौपदाबाईंचा जीव भांड्यात पडला. व्याही खूश, म्हातारा सुखरूप. त्या पानं घ्यायला वळल्या.

"बाकी नाना," रुपचंदभाऊ मांडीवर थाप मारत म्हणाले, "आमची एक बाई वाघासमोर गेली, आणि तुमच्याकडचा एक बाप्या कुठे दिसला नाही."

नाना उठून उभे राहिले.

"पहूरनी कसानी? ती बाई मी शे, भाऊ. बारा डाव पडनू, तवय असं जमनं."